पत्ता नेपरव्हिलचा, पण शाळा कुठली?

तुम्ही विचारलंय की शिकागोजवळ नेपरव्हिलला बदली होतेय, मुलगा सहा वर्षांचा आहे, पत्त्यात नेपरव्हिल असलं की शाळा चांगली मिळते ना, गाव नवंच वसलेलं दिसतं, आणि करमतं का. व्हिसा, विमा, लायसन्स हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सांगत बसत नाही. करमण्याचं आधी उरकतो. पहिला जानेवारी वाईट जातो, मग सवय होते. झालं.

हद्दीचं मात्र सविस्तर लिहितो, कारण मी बेळगावचा. हद्द म्हटलं की आमचे कान आपोआप टवकारतात.

नुसता पत्ता बघून घर घेऊ नका. पत्त्यातलं ‘नेपरव्हिल’ हे पोस्टाचं. पालिकेची हद्द वेगळी, शाळा चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टची वेगळी, आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) दोन : बराचसा भाग ड्युपेजमध्ये, दक्षिणेकडचा विलमध्ये. इथल्या शाळा पालिका चालवत नाही. डिस्ट्रिक्ट स्वतंत्र, त्याचा कर स्वतंत्र. गावात मुख्य डिस्ट्रिक्ट दोन, २०३ आणि २०४. त्यातल्या २०४ मध्ये नेपरव्हिल, ऑरोरा, बोलिंगब्रूक, प्लेनफिल्ड या चारही गावांचे तुकडे येतात. म्हणजे पत्ता ऑरोराचा असलेलं पोर नेपरव्हिलच्या पोराशेजारी बसतं, आणि हे कळायला मला एक घर जवळजवळ घेऊन झालं होतं. घराचा कर एक वर्ष मागचा येतो, तेव्हा खरेदीच्या वेळी विकणाऱ्याकडून त्याचा हिशेब चुकता करून घ्या.

हा गुंता झाला तो शेतांमुळे. १९६० साली गावाची वस्ती होती १२,९३३. २००० साली १,२८,३५८. मधल्या काळात टेलिफोन कंपनीची संशोधनसंस्था बेल लॅब्ज आली, मग बाकीची ऑफिसं, आणि मक्याचं एकेक शेत पालिकेत घेतलं गेलं. पलीकडून ऑरोराही तेच करत होतं, म्हणून दोन्ही गावांनी बसून रेघ ठरवली. शाळांच्या रेघा मात्र खेड्यांच्या काळातल्या. २०४ हे डिस्ट्रिक्ट १९७२ मध्ये दोन लहान डिस्ट्रिक्ट जोडून झालं. गाव वाढलं म्हणून ती रेघ काही हलली नाही.

आणि गाव नवं नाही हो. जोसेफ नेपर नावाचा जहाजाचा कप्तान १८३१ मध्ये काही कुटुंबं घेऊन ड्युपेज नदीकाठी उतरला. तिथे तेव्हा पोटावाटोमी या मूळ अमेरिकन जमातीची वस्ती होती. १८३२ मध्ये ब्लॅक हॉक या मूळ अमेरिकन सरदाराचं गोऱ्यांशी युद्ध पेटलं तेव्हा हे सगळे शिकागोच्या किल्ल्यात पळाले आणि परत आले. १८३३ च्या शिकागो करारात पोटावाटोमींची या भागातली उरलीसुरली जमीन गेली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे धाडलं. आज २०४ च्या दोन हायस्कुलांना त्यांच्याच सरदारांची नावं आहेत, वॉबॉन्सी आणि मेटिआ. माणसं घालवली आणि नावं पाट्यांवर ठेवली, हे आपल्याला काही अगदीच अनोळखी नाही.

१८३९ मध्ये ड्युपेज काउंटी झाली आणि नेपरव्हिल तिचं मुख्य ठाणं. पुढे रेल्वे आधी शेजारच्या व्हीटन गावाला गेली, व्हीटन वाढलं, १८६७ च्या मतदानात ठाणं व्हीटनकडे गेलं. नेपरव्हिलवाले काउंटीचं सरकारी दप्तर देईनात. शेवटी १८६८ मध्ये व्हीटनची माणसं रात्री येऊन कोर्टातून दप्तर उचलून घेऊन गेली! जे मागे राहिलं ते नेपरव्हिलकरांनी सांभाळायला म्हणून शिकागोला ठेवलं, आणि १८७१ च्या आगीत ते जळालं.

२०१४ मध्ये बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना नेपर सेटलमेंट हे संग्रहालय दाखवलं आणि हा किस्सा सांगितला. बाकी अमेरिकेत त्यांचं मन रमलं नाही, पण यावर ते खुर्चीत सरसावून बसले. “आणि दप्तर परत दिलंच नाही?” दोनदा विचारलं. बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधात बाबांनी दर एक नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीत भाग घेतलेला. कुठलाही फॉर्म आला की मातृभाषेपुढे ‘मराठी’ एवढं ठसठशीत लिहायचे की खालच्या कागदावर उमटायचं.

आता तुमच्या मुलाचं. प्रवेशाला राहण्याचे पुरावे लागतात. आमचं लाइटबिल हिच्या नावावर होतं म्हणून मी तीन खेपा घातल्या. ते केव्हाच विसरलो. त्याच गठ्ठ्यात एक साधा कागद असतो : घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का? २००५ मध्ये मी बाबांसारखंच ठसठशीत लिहिलं, ‘हो, मराठी’. मुलगा इंग्रजी माध्यमातला, पण बुजरा. त्या उत्तरावरून घेतलेल्या इंग्रजीच्या चाचणीला बाई समोर बसल्यावर तोंडच उघडेना. मग दोन वर्षं रोज वर्ग चालू असताना त्याला उठवून इंग्रजी शिकवायला कोपऱ्यातल्या खोलीत न्यायचे. शाळेचं नाव लिहीत नाही. पालकांनी लेखी नकार दिला तर हे थांबतं, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. पोरगा आज सत्तावीसचा आहे, अजून म्हणतो, “ती खोली.”

२०१० मध्ये मुलीचा तोच कागद आला. मी गाडीत बसून, स्टिअरिंगवर ठेवून ‘नाही’ लिहिलं. हिला सांगितलं नाही. मुलीला कुठे न्यायचं कारण पडलं नाही, वर्गात पहिली यायची. आणि आम्हीही, नकळत म्हणणार नाही, तिच्याशी इंग्रजीच बोलायला लागलो.

बाबा महिनाभर होते. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मध्ये मी. जाताना विमानतळावर म्हणाले, “हिला शाळेत मराठी चालत नाही का रे?” मी म्हटलं, नाही बाबा, इथे तसा नियम आहे.

तसा नियम नाही.

कागदावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, मी दोन्ही लिहून बघितलं आहे. घर बघाल तेव्हा पूर्ण पत्ता कळवा, कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये येतं ते नकाशात बघून सांगतो.