सिलिअॅक आहे, ग्लूटेन बंद करूनही पोट फुगतं, जुलाब होतात. प्रोबायोटिक घ्यावं का?

प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणूंची गोळी किंवा पूड, घेऊन पाहता येईल, पण आधी ग्लूटेन (गहू-जवातलं प्रथिन, सिलिअॅकमध्ये आतड्याला इजा करतं ते) कुठून पोटात जातंय ते शोधा. तक्रारी टिकून राहण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच असतं. आपल्याकडे पहिला संशय हिंगावर घ्या, कारण डबीतल्या बांधणी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. दुसरा गिरणीवर: गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेली ज्वारी चालत नाही, धान्य घरीच दळा. टीटीजीची (सिलिअॅकसाठी करतात ती अँटिबॉडीची) रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून थोडंथोडं ग्लूटेन जात नाही असं धरू नका. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांकडून लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणं आणि लहान आतड्यातली जिवाणूंची जादा वाढ तपासून घ्या. प्रोबायोटिकचा पुरावा तुटपुंजाच आहे. इटलीतल्या २०१९च्या चाचणीत सहा आठवडे लॅक्टोबॅसिलस-बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूंचं मिश्रण घेणाऱ्यांना प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ मात्रा) घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम पडला. मात्र ते सगळे ग्लूटेनमुक्त आहारावरच होते, प्रोबायोटिक आहाराची जागा घेत नाही. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ आहे का बघाच: २०१५मध्ये अमेरिकेत तपासलेल्या २२ प्रोबायोटिकांपैकी १२मध्ये ग्लूटेन सापडलं होतं. सहा आठवड्यांत फरक नसेल तर बंद करा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.