शेजाऱ्याने शेताची वाट नांगरली, कोर्टात जावं का?

तुम्ही विचारलंय की शेजाऱ्याने वहिवाटीची वाट नांगरून टाकली, गाव म्हणतं शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तर दावा लावावा का आणि त्यात किती वर्षं जातील. ती म्हण ऐकली की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलो. ज्याने वाट अडवली त्याच्याच फायद्याची म्हण आहे ती.

मी राहतो सोलापुरात, जमीन पंढरपूर तालुक्यात. दिवाळी झाली, ऊस तोडीला आला आणि भावकीतल्याच शेजाऱ्याने त्याच्या गटातून जाणारी आमची गाडीवाट नांगरली. आजोबांच्या वेळची वाट. मी तहसीलला निघालो होतो, तर आमचे चुलते तात्या आडवे आले. "थांब, पंच बसवू. भावकीत कागद नको." पंच बसले, चहा झाला. ज्वारी निघाली की वाट देतो, म्हणाला. ज्वारी निघाली. मग म्हणे पहिला पाऊस होऊ द्या. तोवर मजुरांनी मोळ्या डोक्यावर वाहून ऊस डांबरीपर्यंत आणला. मुकादमाने त्याची खुशाली वेगळी घेतली. तोडलेला ऊस बांधावर वाळून काट्यावर किती भरला ते विचारू नका.

पाऊस पडला तोवर सहा महिने उलटले होते, आणि सगळी मेख तिथेच आहे. असलेली वाट अडवली तर मामलेदार कोर्ट ॲक्ट, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार ती मोकळी करून देतात, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. महसूल संहितेचं कलम १४३ आहे, पण त्यात बांधावरून वाट मिळते. आमची गटाच्या मधून. राहिला दिवाणी दावा.

दाव्यासोबत वकिलांनी निशाणी ५ चा, म्हणजे निकाल लागेपर्यंत तात्पुरता मनाईहुकूम मागणारा अर्ज टाकला. शेजाऱ्याची कैफियत, म्हणजे कोर्टातलं लेखी उत्तर काय, तर इथे वाट कधी नव्हतीच. कोर्ट कमिशनर पाहणीला आले. शेजाऱ्याने वाटेवर कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पेरलं होतं. सगळं कडवळ कमरेला लागत होतं, फक्त दोन पट्टे वीतभर उंच, पिवळे पडलेले, बरोबर बैलगाडीच्या दोन चाकांच्या अंतराने, बांधापासून आमच्या विहिरीपर्यंत. वर्षानुवर्षं दबलेली चाकोरी एका नांगरटीने सुटत नाही. कमिशनरनी टेप लावून अंतर मोजलं, फोटो काढले. शेजारी म्हणाला, तिथे खत कमी पडलं. निशाणी ५ मंजूर झाला, वाट मोकळी झाली.

मूळ दावा अजून पुराव्यावर आहे, त्यामुळे वर्षांचा आकडा मला विचारू नका. पण ऊस बाहेर पडतोय ना, मग पडू द्या तारखा. अपील जिल्हा न्यायालयात, त्याच्या वर उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात आहे.

मोजणी आणा म्हणणारे खूप भेटतील. मोजणीने हद्द कळते, वहिवाट नाही. त्यापेक्षा गाव नकाशाची नक्कल काढा. त्यात दुहेरी तुटक रेषा दिसली तर अर्धं काम झालं. नसेल तर वीस वर्षांची उघड, बिनतक्रार वहिवाट शाबीत करावी लागते. आणि वाट बंद झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा नसेल तर तोही आधार जातो. साक्षीला वयस्क माणसं लागतात. मी तात्यांना विचारलं होतं. म्हणाले, "माझं दोन्हीकडे उठणं-बसणं आहे."

मी वकील नाही, तुमचे कागद बघितल्याशिवाय यातलं काय लागू होतं ते कुणी सांगू शकणार नाही. दुसरी चांगली वाट असेल तर तुमची बाजू लंगडी पडेल, हेही धरून चाला. पंच बसवायला माझी ना नाही, पण आधी तहसीलला अर्ज द्या, पोच खिशात घाला, मग खुशाल बसवा. तात्यांना हे आजही पटत नाही. परवाच म्हणाले, "पंचांनी मिटवलंच असतं, तूच घाई केलीस." त्याच वाटेवरून ट्रॅक्टर घेऊन येत होते.