प्रश्न तुमचे : जिवाणूंचे जीनोम संगणकावर वाचताना

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. शेतातल्या मातीतल्या जिवाणूंवर प्रोजेक्ट करायचा आहे. प्रोग्रॅमिंग कधी केलेलं नाही. लॅपटॉपवर विंडोज, ८ जीबी रॅम. पायथॉनचा क्लास लावू की आर शिकू? – विद्यार्थिनी, नांदेड

दोन्हीच्या आधी लिनक्सची कमांड लाइन शिका. या क्षेत्रातली बहुतेक साधनं तिथेच चालतात. विंडोज काढायची गरज नाही. डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) टाकून त्यात उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घ्या. मात्र डेटा सी ड्राइव्हवर न ठेवता उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर प्रत्येक काम रेंगाळतं. आणखी एक अडचण हमखास येते: डब्ल्यूएसएल आपणहून निम्मीच रॅम घेतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. जड काम मध्येच ‘किल्ड’ म्हणून बंद पडलं, तर आधी ही मर्यादा सेटिंगमध्ये ६ जीबी करा.

पहिला सराव ई. कोलाय के-१२ एमजी१६५५ या जीनोमवर करा. एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक संग्रहावरून फास्टा फाइल (एक शीर्षकाची ओळ आणि खाली डीएनएची अक्षरं) उतरवा आणि अक्षरं मोजा. उत्तर ४६,४१,६५२ यायला हवं. ८० अक्षरांच्या ओळी असलेल्या फाइलमध्ये शीर्षकाची ओळ वगळून नुसती ‘डब्ल्यूसी’ ही मोजणीची कमांड चालवलीत तर ४६,९९,६७३ येईल. वरचे ५८,०२१ म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी दडलेलं, नवी ओळ सुरू करणारं चिन्ह. हा फरक स्वतः शोधलात की फाइल म्हणजे काय ते पक्कं कळतं.

‘ग्रेप’ या शोधाच्या कमांडने शीर्षकं मोजताना त्यांच्या सुरुवातीचं > हे चिन्ह अवतरणात लिहायला विसरू नका. अवतरण नसेल तर शेल (कमांड वाचणारा प्रोग्रॅम) त्याचा अर्थ ‘या फाइलमध्ये लिही’ असा घेतं आणि फाइल क्षणात रिकामी होते. म्हणून मूळ डेटा उतरवल्या उतरवल्या त्याची लिहिण्याची परवानगी काढून टाका. फास्टक्यू फाइलमधले (सिक्वेन्सिंग यंत्राकडून येणाऱ्या फाइलमधले) रीड, म्हणजे डीएनएचे वाचलेले तुकडे, मोजताना @ ने सुरू होणाऱ्या ओळी मोजू नका. गुणवत्तेच्या ओळीत @ म्हणजे ३१ हा स्कोअर, त्यामुळे ती ओळही @ ने सुरू होऊ शकते. प्रत्येक रीडच्या ४ ओळी असतात, म्हणून एकूण ओळींना ४ ने भागा.

हे हाताला बसलं की मग आर घ्या, कारण तुमच्या प्रोजेक्टला आलेख आणि संख्याशास्त्र लागणार. १६एसचं (जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचं) काम ८ जीबीत निघतं. मातीच्या मेटाजीनोमची (सगळ्या जिवाणूंच्या एकत्रित डीएनएची) असेंब्ली, म्हणजे तुकड्यांची जोडणी, निघत नाही. ती गॅलक्सी या ऑनलाइन सेवेच्या मोफत सर्व्हरवर करून पाहा.

१६एसच्या व्ही३-व्ही४ भागाचे २×३०० रीड (दोन्ही टोकांकडून ३०० बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं) आहेत. डाडा२ (रीडमधल्या चुका वगळून खरे क्रम शोधणारं आरचं पॅकेज) त्याच्या ऑनलाइन शिकवणीप्रमाणे चालवलं, तर पुढचे आणि मागचे रीड जुळतच नाहीत. जवळजवळ सगळे गळतात. सिक्वेन्सिंग खराब आहे का? – संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर

बहुधा नाही. तुम्ही शिकवणीतले आकडेही जसेच्या तसे उचलले असावेत: पुढचा रीड २४० वर छाटा, मागचा १६०. ते आकडे व्ही४ साठी आहेत. तो तुकडा प्रायमर (पीसीआरमध्ये दोन्ही टोकांना लावलेले छोटे डीएनए) सोडून सुमारे २५३ बेसचा, म्हणून ४०० बेसमध्ये भरपूर ओव्हरलॅप मिळतो. तुमचा तुकडा ३४१एफ आणि ८०५आर प्रायमरांसकट सुमारे ४६५ बेसचा. २४० अधिक १६० म्हणजे ४००. मधे ६५ बेसची फट राहते. जुळायला काही उरतच नाही.

छाटणीनंतरची बेरीज तुकड्याच्या लांबीपेक्षा निदान २० ने जास्त हवी. २८० आणि २२० धरा: बेरीज ५००, ओव्हरलॅप सुमारे ३५. मागच्या रीडची गुणवत्ता २२० च्या आधीच कोसळत असेल तर त्याची अपेक्षित चुकांची मर्यादा २ वरून ५ करा. तरीही जमलं नाही तर फक्त पुढचे रीड वापरा. ओढूनताणून जुळवलेल्या जोड्यांपेक्षा ते केव्हाही बरं.

आता प्रायमर. पहिल्या फाइलचे दहा रीड डोळ्यांनी पाहा. सीसीटीएसीजीजीजी अशी सुरुवात दिसली तर प्रायमर अजून आहेत: पुढून १७ आणि मागच्या रीडमधून २१ बेस काढा. प्रायमरमध्ये काही जागी मुद्दामच एकाहून अधिक बेस असतात. ते तसेच राहिले तर डाडा२ त्यांना खरा फरक समजतं आणि कायमेराच्या (दोन जिवाणूंचे तुकडे चुकून जोडले गेलेल्या रीडच्या) पायरीला चांगले रीडही फेकून देतं. त्या पायरीवर निम्म्याहून जास्त रीड गेले तर पहिला संशय इथेच घ्यावा. उलट लॅबने प्रायमर आधीच काढून दिले असतील तर पुन्हा काढू नका. तेव्हा छाटणी २६३ आणि १९९ वर करा.

प्रत्येक पायरीनंतर किती रीड उरले याचा तक्ता ठेवा. तो नसेल तर गळती कुठे झाली ते कोणालाच सांगता येत नाही.

एका नमुन्यात एका वंशाचे ४० टक्के रीड आले. म्हणजे ४० टक्के पेशी त्याच्याच? – प्राध्यापिका, नाशिक

नाही. ई. कोलायमध्ये १६एसच्या ७ प्रती असतात, क्षयाच्या जिवाणूत १. पेशी सारख्या असल्या तरी रीड सातपट येऊ शकतात. लेखात ‘रीडचं प्रमाण’ असंच लिहा.

एकाच जिवाणूचा जीनोम स्पेड्स या असेंब्लीच्या प्रोग्रॅमने जोडला. अपेक्षा ५० लाख बेसची, आले ९० लाख. काय चुकलं? – वाचक, पुणे

बहुधा भेसळ. कॉन्टिगच्या (जोडून तयार झालेल्या सलग तुकड्याच्या) नावात शेवटी ‘कव्ह’ पुढे कव्हरेज, म्हणजे तो भाग सरासरी किती वेळा वाचला गेला ते, लिहिलेलं असतं. लांबी आणि कव्हरेज यांचा आलेख काढा. एक गट ६० जवळ आणि दुसरा ५ जवळ दिसला तर दुसरा पाहुणा आहे. चेकएम या जीनोमची शुद्धता तपासणाऱ्या साधनात भेसळीचा आकडाही फुगलेला दिसेल. कमी कव्हरेजचे तुकडे गाळा, पण जास्त कव्हरेजच्या लहान तुकड्यांना हात लावू नका. ते प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचं छोटं डीएनए) असू शकतात, किंवा एकावर एक बसलेल्या आरआरएनए जनुकांच्या (१६एस त्यातलंच) प्रती. दोन्ही गटांचं कव्हरेज सारखंच असेल तर आकड्यांनी काही सुटणार नाही. प्लेटवर पुन्हा रेघा ओढा, एकच वसाहत उचला, आणि त्या शुद्ध वाढीतून नव्याने डीएनए काढा. नव्या सिक्वेन्सिंगला ६० पट कव्हरेज पुरे: २×१५० च्या सुमारे १० लाख जोड्या.