फायनलीत कंटिन्यू टाकला अन् एरर गायब

प्रश्न: भाऊ, जिनिंगवरच्या कापसाच्या काटापट्ट्या पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून वाचतो. एकेका फायलीसाठी लूप (तेच काम परत परत), आत ट्राय (एरर येऊ शकतो तो भाग), फायनलीत (शेवटी हमखास चालणारा भाग) फाइल बंद करून खाली कंटिन्यू (लूपच्या पुढच्या फेरीला जा). एका पट्टीवर वजनाच्या जागी "ओला" लिहिलं होतं, एरर काही दिसला नाही पण टोटल कमी आली. काहून? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर: भाऊ, तो कंटिन्यू आधी काढा. ट्रायमधून ब्रेक, कंटिन्यू, रिटर्न कशानंही बाहेर पडा, फायनली चालतंच, फाइल बंद होतेच. पण "ओला"चा आकडा करताना उठलेला व्हॅल्यूएरर (आकडा न होणाऱ्या मजकुराचा एरर) फायनली संपायची वाट पाहत थांबलेला असतो अन् तुमचा कंटिन्यू त्याला तिथंच गिळून सरळ पुढच्या फायलीवर जातो, मग त्या फायलीतल्या खालच्या पट्ट्या मोजल्याच जात नाहीत. ब्रेक असता तर लूपच संपला असता. पायथन 3.8 च्या आधी इथं कंटिन्यू चालतच नव्हता, आता 3.14 मध्ये इशारा येतो, सी शार्प ही दुसरी भाषा तर फायनलीतून असं बाहेर पडूच देत नाही. ते बरंच आहे, शेतकऱ्याच्या वजनाचा मामला आहे. फाइल विथनं उघडा (मग ती आपोआप बंद होते), अन् प्रत्येक ओळीला एक्सेप्टमध्ये व्हॅल्यूएरर पकडून फायलीचं नाव अन् ती ओळ छापा.