बाहेरच्या आरशांवर बाजूचे डॅशकॅम बसवता येतात का?

बसतात, पण कॅमेरा चिकटवणं सोपं, खरी कटकट वायरची. आरशातून दारात आणि दारातून बिजागरीजवळच्या रबरी नळीतून आत, हाच तिचा रस्ता. नळीत आधीच काच-लॉकच्या वायरी दाटलेल्या असतात, त्यामुळे घाई केलीत तर एखादी सोलवटते. दार पूर्ण उघडून आणि आरसा मिटवून पाहा. वायर ताणली जाता कामा नये.

कॅमेरा आयपी६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा घ्या, आरशाच्या खालच्या अंगाला लावा. तिथे पाऊस थेट बसत नाही. आरशाचं कवच थरथरतं, म्हणून रात्री नंबरप्लेट पुसटच दिसेल. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं असेल तर व्होल्टेज उतरताच बंद होणारं हार्डवायर किट (कॅमेरा थेट गाडीच्या फ्यूजबॉक्सला जोडणारा वायरसंच) लागेल, नाहीतर बॅटरी बसलीच! माझं विचाराल तर कॅमेरा आरशाऐवजी मागच्या काचेवर आतून लावा.