आठवीत ‘फाउंडेशन’साठी चित्रकला, खेळ बंद? आमचा अनुभव

तुमची पोस्ट म्हणजे आमच्याच घरची गोष्ट. तुम्ही लिहिलंय तसंच, आठवीच्या वेळापत्रकातून चित्रकला आणि खेळाचे तास गायब, त्या जागी ‘फाउंडेशन’, म्हणजे जेईईसारख्या प्रवेश परीक्षांची आतापासूनच तयारी, आणि विचारायला गेलं की ‘पालकांचीच मागणी आहे जी’. थोरल्याच्या वेळी हेच झालं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातली शालेय टप्प्यांची ५+३+३+४ वर्षांची रचना वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. कामाचा आहे तो २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. त्यात शालेय शिक्षणाची पाच ध्येयं आहेत: विवेकी आणि स्वतंत्र विचार, आरोग्य, लोकशाहीतला सहभाग, आर्थिक सहभाग, सांस्कृतिक सहभाग. कला, शारीरिक शिक्षण आणि सहावीपासूनचं व्यवसाय शिक्षण गणिताच्याच पंगतीत बसवलंय. जेईईची तयारी यात कुठेच नाही बाप्पा!

आराखड्याची ही पानं छापून, पिवळ्या मार्करने रंगवून शिक्षण खात्याच्या एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. खालच्या टेबलाने वर पाठवलं, वरच्याने ‘तुमची शाळा आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत खाली. तिथल्या बाबूने पानं न उलटताच सांगितलं, ‘भाऊ, हे धोरण आहे. जीआर (शासन निर्णय) आणा.’ अर्ज ठेवून घेतला, पण आवक शिक्का मारेना. साहेब आल्यावर मारू म्हणे, आणि साहेब कायम दौऱ्यावर. पुढच्या खेपेला अर्जच सापडेना. शिक्का नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही, असा त्यांचा हिशोब. यात वर्ष सरलं, पोरगा नववीत गेला.

धाकटीच्या वेळी कार्यालयाचं नावच काढलं नाही. शाळेला ईमेलवर एकच प्रश्न विचारला: प्रगतीपुस्तकात चित्रकलेला ‘ए’ श्रेणी आहे, ती कोणत्या तासाच्या कामावर दिली? तास तर नव्हताच! लेखी उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा आठवड्याला एक तास परत आला. खेळाचा अजून नाही. मी शिक्षक नाही न वकीलही, प्रत्येक शाळेत हे चालेलच असं नाही. पण ध्येयं वाचून दाखवण्यापेक्षा वेळापत्रक आणि प्रगतीपुस्तक समोर ठेवलेलं बरं. चार पालकांच्या सह्या घ्या, एकट्याला ‘तुम्हीच तक्रार करता’ म्हणतात. काही पालक सही देणार नाहीत, त्यांना चौकाचौकातल्या टॉपरच्या होर्डिंगवर आपलं पोर दिसत असतं.

आणखी एक, २०२० च्या त्या धोरणात सहावी ते आठवीदरम्यान १० दिवस दप्तराविना आहेत, स्थानिक कारागिरांसोबत काम करायला. तेही मागा. आमच्या नागपूरच्या कळमना मार्केटमधला संत्र्याचा लिलाव दाखवायला काय खर्च येतो हो? आमच्या शाळेने मॉलमध्ये नेलं होतं.

शाळा स्टेट बोर्डाची असेल तर राज्याचा २०२४ चा आराखडा पाहा, पानं त्यातली लावा.