फळ्यापासून दीड मीटर

प्रश्न: आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी आठ वर्षांची आहे. वही अगदी नाकाला लावून लिहिते, फळ्यावरचं तिला दिसत नाही. वर्षभर शाळा बुडाली. खरगोनच्या आधीच्या शाळेची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आलेली नाही, जन्मदाखलाही नाही. जवळची सरकारी शाळा म्हणते, ‘कागद आणा, शिवाय अशा मुलांसाठी आमच्याकडे शिक्षक नाहीत.’ अंधशाळेत घालावं का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर: अंधशाळा तूर्त राहू द्या. आधी एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात चष्म्याचा नंबर काढून घ्या. पुष्कळदा नुसता चष्माच लागतो आणि प्रश्न तिथंच मिटतो. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 (निरोगी नजरेला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) पेक्षा कमी राहिली, तर ती अल्पदृष्टी. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा, पण प्रवेश त्यासाठी थांबवू नका.

2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही (कलम 14) किंवा टीसीला उशीर झाला (कलम 5) म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलीला वयानुसार तिसरीत घेऊन राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा असतो (कलम 4). शाळा सर्रास पहिलीत बसवतात, तिथं अडून राहा. 40 टक्क्यांची अट पुरी होत असेल तर जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं (कलम 31) मुलाला दिली आहे, मुख्याध्यापकांना नाही. नकार लेखी मागा. बहुतेक वेळा तेवढ्यानंच सूर बदलतो. नाही बदलला तर बीआरसी कार्यालयात (शिक्षण खात्याचं गट साधन केंद्र) अर्ज द्या.

आता वर्गातलं, कारण खरी गाडी अडते ती इथं. बाक फळ्यापासून एक-दीड मीटरवर हवा, खिडकी पाठीमागे किंवा बाजूला. समोर खिडकी असली की उजेडानं डोळे दिपतात आणि पहिल्या बाकावर बसूनही काही दिसत नाही. बाईंनी फळ्यावर लिहिताना तोंडानं म्हणत जावं. वहीच्या फिक्या निळ्या रेघा तिच्या दृष्टीनं नसल्यातच जमा. काळ्या स्केचपेननं दोन-दोन सेंटिमीटरवर रेघा मारून द्या.

पुस्तकाचं ए-4 पान ए-3वर झेरॉक्स केलं तर 12 पॉइंटचं अक्षर जवळजवळ 17 होतं. मात्र रंगीत पान काळपट उठतं आणि अनुस्वार, रफार भरून जातात, म्हणून प्रत फिकी काढायला सांगा. ए-3 कागद हातात लोंबतो. उतरती फळी करून त्यावर चिमट्यानं लावा, मान दुखत नाही. ओळ चुकत असेल तर काळ्या पुठ्ठ्यात 15 सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद खाच कापा आणि ती ओळीवरून सरकवू द्या. भिंग डॉक्टरांनी सांगितलं तरच घ्या. पुष्कळ मुलं कुणी हसेल या भीतीनं ते दप्तरातून काढतच नाहीत.

वही जवळ धरल्यानं डोळे बिघडत नाहीत, त्यावरून रागावू नये. ब्रेल शिकवायची वेळ येते ती नजर उतरत चालली असेल किंवा मोठं अक्षरही दोन ओळींत थकवत असेल तेव्हा.